वास घेणारी अक्का

भडगावजवळच्या एका पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळली आणि शेजारच्या मळ्यातल्या विहिरीला पेट्रोलचा वास येऊ लागला. टाकी बदलल्यावरही पाण्याचे नमुने घ्यायला मी दर महिन्याला जळगावहून जायचो. विहीर एका साठीच्या बाईंची होती. त्यांचं नाव कधी विचारलं नाही, अक्काच म्हणायचो.

मी पाणी वर काढलं की त्या पदराला हात पुसून ओंजळ पुढे करायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून वास शे, भाऊ." नंतर प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगायचा.

एकदा मी विचारलं, "टँकर येतो ना, अक्का? मग रोज विहिरीवर कशाला येता?"

"हाई इहीर मना सासरानी खंदेल शे. आजारी मानूसले कोनी सोडी देस का?"

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी दोनदा वास घेतला आणि काठावर बसून रडल्या. त्या नमुन्यापासून पुढचे सगळे अहवाल स्वच्छ आले. शेवटचा घेऊन मी गेलो, तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या आधी माझ्यापुढे धरला. अहवाल मीच आणला होता, तरी माझा हात क्षणभर अडला. त्यांनी ते पाहिलं, हसल्या आणि स्वतः घटाघटा प्यायल्या.

मग मीही प्यायलो. आता माझं काम टेबलावरचं आहे. इतकं गार पाणी पुन्हा कुठे प्यायल्याचं आठवत नाही.