उवांची डॉक्टर

माझी ताई पाखरांच्या उवांवर संशोधन करायची. हे वाक्य आमच्या आईने कधी पूर्ण उच्चारलं नाही. कुणी विचारलं, "मोठी काय करते?" की आई सांगायची, "पाखरांवर संशोधन करते." उवा ती गिळून टाकायची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रंगीत पंख फडफडायचे आणि आईला तेवढं पुरायचं.

ताईची खोली विद्यापीठाच्या तळघरात, लिफ्टच्या यंत्राला लागून होती. लिफ्ट हलली की टेबल थरथरायचं. मग ताई सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून हात मांडीवर ठेवून बसायची, आणि लिफ्ट थांबली की पुन्हा वाकायची. मी एकदा तिला किल्ली द्यायला गेले होते, तेव्हा तिने मला काचेवरची एक ऊ दाखवली. लांबट, तांदळाच्या कणीसारखी.

"ही पारव्याच्या पंखावरच राहते," ती म्हणाली. "पाखरू चोचीने खाजवायला लागलं की पिसाच्या दोन काड्यांमध्ये आडवी होऊन लपते. डोक्यावरची जात वेगळी. ती इकडे येत नाही, ही तिकडे जात नाही."

"म्हणजे जागा पक्की आहे हिची."

"माझ्यापेक्षा पक्की," ताई म्हणाली आणि स्वतःच हसली.

कारण ताईची नोकरी वर्षावर्षाची. डॉक्टरेट झाल्यावर एक प्रकल्प, तो संपला की दुसरा. मुदतवाढीचं पत्र येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिचे सर दर वेळी सांगायचे, "कायमची जागा निघू दे, ती तुझीच. बाकीच्यांनी नुसते अर्ज करायचे." या एका वाक्यावर ताईने लग्नाची दोन स्थळं परत पाठवली, परदेशातली एक संधी सोडली आणि सरांच्या पुस्तकाची सगळी चित्रं काढून दिली.

मग त्या खोलीत एक नवी मुलगी आली. पदरी एक चिमुरडी लेक, पण वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला छोटी म्हणायचे. चिमटा कसा धरायचा, उवेचा पाय न तुटता ती काचेवर कशी आडवी करायची, हे सगळं तिला ताईने शिकवलं. छोटी घरी जेवायला यायची, माझ्या ताईला ताई म्हणायची. मला ते आवडायचं नाही, पण आपल्याला काय, म्हणून मी गप्प बसायचे.

कायमची जागा निघाली. ती छोटीला मिळाली.

सरांनी ताईला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच कळलं, असं ताई नंतर म्हणाली. "तुझं काम सोन्यासारखं आहे गं, पण विषय जुना झाला. आता सगळं जनुकांवर चालतं. आणि तू हुशार आहेस, तुला कुठेही मिळेल." कुठेही मिळेल म्हणजे इथे मिळणार नाही, एवढं मलासुद्धा कळतं, आणि मी तर बारावीलाच पुस्तकं मिटलेली.

प्रकल्प संपला, पत्र आलं नाही. ताई एक खोका घेऊन घरी आली.

पुढचं वर्ष काढलं ते आम्हालाच माहीत. औषध कंपनीत गेली तर म्हणाले, तुम्ही जरा जास्तच शिकलात. शाळेत गेली तर म्हणाले, शिकवण्याची पदवी कुठाय? कीटकनाशकांच्या कंपनीतल्या साहेबाने विचारलं, "उवा कशा जगतात हे तुम्हाला माहीत आहे, पण विक्रीचा काही अनुभव?" घरी आली की ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. आई दाराशी उभी राहून म्हणायची, "अगं, निदान केस तरी विंचर."

माझं पार्लर आहे. तीन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, मागे टॉवेल वाळवायची खोली. मी ताईला म्हटलं, घरात कुजत पडण्यापेक्षा माझ्या काउंटरवर बस. ती बसली, पण तिचा काही उपयोग नव्हता. "या क्रीमने काळे डाग जातील का?" असं बाईने विचारलं की ताई म्हणायची, "नाही." एवढंच. गिऱ्हाईक उठून जायचं. मी कपाळाला हात लावायचे.

एका दुपारी एक बाई मुलीला केस कापायला घेऊन आली. माझ्याकडची पोरगी कंगवा घालते न घालते तोच मागे सरकली. "मॅडम, हिच्या डोक्यात चालताहेत." दुकानातल्या सगळ्या बायका एका अंगाला झाल्या. मुलीची मान खाली. तिच्या आईला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "तीन वेळा औषध लावलं हो," ती सांगत होती. मी गोड बोलून तिला वाटेला लावणारच होते.

तेवढ्यात काउंटरमागून ताई उठली. "थांब. कुणी हलू नका, त्या उड्या मारत नाहीत."

तिने मुलीला मागच्या खोलीत नेलं, दिवा खाली ओढला, केस ओले करून कंडिशनर चोपडलं आणि बारीक फणीने एकेक बट सोडवायला लागली. कितीतरी वेळ. मी मधून डोकावले तर मुलगी रडायची थांबली होती आणि ताई तिला सांगत होती, "ही लीख बघ. केसाला डिंकाने चिकटवल्यासारखी बसते, म्हणून धुऊन जात नाही." वर्षभरात पहिल्यांदा ताईचा आवाज ताईसारखा ऐकला.

दुसऱ्या आठवड्यात त्या बाईच्या ओळखीतून चार जणी आल्या. मग शाळाच्या शाळा. लोक नाव घ्यायला लाजतात, पण पत्ता बरोब्बर शोधतात. मागच्या खोलीला वेगळं दार होतं, ते आम्ही उघडलं. मुलं तिला उवांची डॉक्टर म्हणायला लागली. त्यांना काय ठाऊक, ती खरोखरच उवांची डॉक्टर होती.

आईने मात्र बोलणं टाकलं. एकदाच बोलली, ताटावर. "यासाठी रात्रीचे डोळे फोडलेस? दुसऱ्यांच्या पोरींची डोकी बघायला?"

ताई म्हणाली, "पाखरांपेक्षा पोरी बऱ्या. पैसे देतात."

पैसे खरंच येत होते. पण ताईची खोड गेली नव्हती. निघालेल्या उवा ती फेकायची नाही, छोट्या बाटल्यांत स्पिरिटमध्ये घालायची. बाटलीत कागदाचा कपटा आणि त्यावर पेन्सिलीने मुलीचं वय, वस्ती, कोणतं औषध किती वेळा लावलं ते. पेनची शाई स्पिरिटमध्ये पळते, म्हणून पेन्सिल. भिंतीवर फळ्याच फळ्या झाल्या. मी म्हटलं, "अगं, हे काय लोणचं घालतेस?" तर म्हणाली, "औषध लागूच पडत नाहीये. तेच एक औषध, तेही एकाच भागात. नुसतं चुकीचं लावणं नाही हे. या उवा बदलल्यात." हे सांगताना ती उभी राहिली होती. मला कळलं, ही इथे नाहीये, ही अजून तिकडेच आहे.

आणि मग छोटी आली. दुकान मिटायच्या वेळी, मागच्या दाराने, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या लेकीला घेऊन. कुणीतरी नुसता पत्ता दिला होता; आत ताई असेल याची तिला कल्पना नव्हती. ताईच्या जागी मी असते तर दार लावून घेतलं असतं. ताईने लेकीला खुर्चीत बसवलं.

"ताई, मला खूप वाईट वाटलं होतं तेव्हा," छोटी म्हणाली.

"मान सरळ ठेव बाळा," ताई लेकीला म्हणाली.

छोटीची नजर फळ्यांवर गेली. ती उठली, एक बाटली उचलली, दुसरी उचलली. कपटे वाचत गेली. मुलीचं डोकं झालं तरी तिचं वाचून होईना. "ताई, हे एकटीने जमवलंस? अगं, यांचे जनुक तपासले तर... आपण दोघी मिळून करू. नमुने तुझे, यंत्रं माझी."

"आपण" म्हणाली ती. त्या एका शब्दावर माझी बहीण विरघळली. त्यानंतर चार-पाच महिने ताई दिवसा डोकी विंचरायची आणि संध्याकाळी लेख लिहायची. बाटल्या खोके भरभरून गेल्या. मी म्हटलं, "एकदा पोळलीस ना? कागदावर काहीतरी लिहून घे." ताई म्हणाली, "तुझ्या धंद्यात लिहून घेतात. आमच्यात नाव लागतं." आमच्यात! ज्यांनी दारातून हाकललं, ते अजून तिचे "आमचे" होते.

मग छोटीचे फोन कमी झाले. मग ती घाईत असायला लागली. मग फोन वाजून वाजून बंद पडायचा.

एक गिऱ्हाईकच वर्तमानपत्राचं पान घेऊन आली. "मॅडम, तुमच्याच विषयाचं आहे बघा." औषधाला दाद न देणाऱ्या उवा, तरुण संशोधिकेचा शोध. फोटोत छोटी, हातात बाटली. बाटलीतला कपटासुद्धा दिसत होता, पेन्सिलीचा. ताईने मूळ लेख शोधून काढला. वर दोन नावं, छोटीचं आणि सरांचं. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात: नमुने उपलब्ध करून दिल्याबद्दल एका स्थानिक केशकर्तनालयाचे आभार.

गरज सरो, वैद्य मरो.

मी ताईबरोबर विद्यापीठात गेले. छोटी आता वरच्या मजल्यावर बसत होती, खिडकीची खोली. सरही तिथेच होते. ताई ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "माझं नाव का नाही?"

छोटी खाली बघत म्हणाली, "ताई, नावापुढे संस्था लिहावी लागते. तुझी कुठली लिहायची होती? पार्लर?"

"मजकूर अर्धा माझा आहे."

"भाषा मी बदलली आहे बरीच."

सर मधे पडले. "अगं, विज्ञान पुढे गेलं ना? नाव कुणाचं, याला काय महत्त्व!"

"मग तुमचं काढा," मी म्हटलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टेबलच बोललं.

ताईने बाटल्या परत मागितल्या. त्या आता संस्थेच्या संग्रहात जमा झाल्या होत्या. परत देता येत नाहीत. तिने तक्रार केली. समितीने उत्तर पाठवलं की लेखी करार नसल्याने काही करता येत नाही. कागदावर घ्यायला सांगत होते, हे मी बोलून दाखवलं नाही.

घरी परतल्यावर ताईने फळ्या काढायला लावल्या. भिंतीवर आरसा बसवला. आता निघालेली ऊ कागदी रुमालावर, रुमाल पिशवीत, पिशवी कचऱ्यात. काम दुप्पट वाढलं, दोन मुली हाताखाली ठेवल्या. आई पुन्हा बोलायला लागली, कारण घराला नवा रंग लागला. ताई पोरींशी गप्पा मारत नाही. फणी मात्र तशीच चालते, एक बट सोडत नाही.

परवा एका औषध कंपनीचा एजंट आला. टाय लावलेला, बॅगेत नव्या शाम्पूच्या बाटल्या. "मॅडम, तुम्ही या लाइनमध्ये आहात म्हणून सांगतो. जुनं औषध आता लागू पडत नाही, माहीत आहे का? मोठं संशोधन झालंय." त्याने पत्रक उलगडलं आणि बोट फिरवत समजावायला लागला. उवा कशा बदलतात, कुठल्या भागात जास्त आढळल्या, का धुऊन उपयोग होत नाही. एकेक वाक्य ताईचं होतं. मी तिच्या तोंडून ती वाक्यं जेवताना ऐकली होती. मी तोंड उघडलं, तर ताईने हाताने मला थांबवलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये मानसुद्धा हलवली. एका ठिकाणी तो अडला, तर त्याला शब्द सुचेपर्यंत थांबली.

"आणि या नव्याला उवा किती वर्षं दाद देतील?" तिने विचारलं.

"हे तर कायमचं आहे मॅडम."

कायमचं कधीच नसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? जुनी ताई असती तर "नाही" म्हणून मोकळी झाली असती. ही ताई बाटली हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली.

"कमिशन किती देता?"

त्याने सांगितलं. तिने घासाघीस करून ते वाढवून घेतलं आणि दोन खोकी ठेवून जायला सांगितली. तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, हे लागू पडणार नाही, तुला माहीत आहे."

"काही दिवस पडेल," ती म्हणाली. "मग पुन्हा येतील माझ्याकडे." आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला तिने आत यायची खूण केली.