बॉटनीच्या मॅडमचं उताणं उंबर

‘पाहा तर!’ एवढं म्हणायच्या आणि समोरच्याच्या हातात भिंग कोंबायच्या. समोरचा माणूस तासावर निघालाय, हात धुवायला निघालाय की प्राचार्यांनी बोलावलंय म्हणून धावतोय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. भिंग काळ्या दोऱ्यानं त्यांच्या गळ्यात असायचं. तो दोरा काढून त्या सरळ माझ्या गळ्यात घालायच्या आणि सगळी स्टाफरूम स्वयंवर झाल्यासारखी हसायची. मी वैतागायचो. त्यांना हसणंही ऐकू यायचं नाही आणि वैतागही दिसायचा नाही.

आमच्या साकोलीच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. त्यांचं नाव कोणी घेत नसे. त्या बॉटनीच्या मॅडम. अशी एकाच गोष्टीनं झपाटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुरून ती फार गोड वाटतात. एका टेबलावर बसून डबा खायची वेळ येऊ द्या, मग बोला.

मॅडमचं वेड होतं वीतभर उंचीचं एक रोप. दक्षिणेकडच्या सहलीत कुठल्याशा ओल्या दगडाच्या सांदीतून आणलेलं. आपल्याकडे त्याला नावसुद्धा नाही. मांसल देठ, कडेला दातेरी पानं, आणि पान तोडलं की पांढरा चीक. तो चीक माझ्या इस्त्रीच्या शर्टाला किती वेळा लागला असेल, ते आमच्या सौभाग्यवतीला विचारा. शेंड्यावर एका दांडीला शर्टाच्या बटणाएवढी हिरवट चकती, तिच्या कडेला केसाळ टोकं. मला ते किडलेलं पान वाटलं होतं आणि तसं मी बोललोही होतो.

‘अहो सर, काहून असं म्हणता? उंबराचा भाऊबंद हाये तो! वड, पिंपळ, फणस, तुती, साऱ्याइचं एकच खानदान. उंबरात फुलं आत दडून राह्यते. ह्यानं उंबर उघडून उताणं ठेवलं. पाहा तर!’

पाहिलं. खरंच त्या चकतीत इवली इवली फुलं रुतून बसली होती. नर-मादी शेजारी शेजारी, पाकळ्यांचा पत्ता नाही. छान आहे म्हटलं आणि तिथंच चुकलो. त्यानंतर बी पिकलं की बोलावणं यायचं. दोन बोटांत लिंबाची बी दाबली की सटकते, तसं ते रोप आपलं बी लांब फेकतं म्हणे. ‘थांबा, आता उडते!’ म्हणत त्या मला उभं करून ठेवायच्या. माझ्यादेखत ते एकदाही उडलं नाही. मी पाठ फिरवली की मागून आवाज यायचा, ‘गेलं ना सर!’

एका वर्षी विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. बॉटनीला शेवटच्या वर्षाला जेमतेम बाकभर मुलं उरली होती. समितीचं समाधान झालं तर विषय राहणार, नाहीतर बंद, आणि मॅडमची बदली संस्थेच्या दूरच्या कॉलेजात. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घर साकोलीत. घाबरायला हवं होतं त्यांनी. त्यांच्याऐवजी मीच घाबरलो होतो.

‘मॅडम, ते उपयोग काय म्हणून विचारतील. औषधी वनस्पती आहे म्हणून ठोकून द्या. बाकी काही बोलू नका.’

‘बरं सर,’ त्या म्हणाल्या. त्या बरं म्हणाल्या की समजावं, पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. समिती येणार म्हणून सकाळी परिसर स्वच्छतेला बारावीच्या मुली लावल्या. मॅडमच्या वाफ्यात मागं प्रात्यक्षिकासाठी धान लावलेलं आणि पुढं सावलीत ही रोपं. मुली सगळ्या धानवाल्यांच्या घरच्या. कंबर वाकवली आणि धान सोडून वाफ्यातलं झाडून सारं उपटलं. मॅडम पोचल्या तेव्हा वाफा कसा लख्ख होता.

‘कायले उपटलं गं पोरींनो?’

‘मॅडम, धानाच्या बांधीत निंदण करा लागते ना,’ लाखनीकडून बसनं येणारी एक मुलगी अभिमानानं म्हणाली. ‘धान तेवढे ठेवले, बाकी सारा कचरा काढला.’

मला वाटलं, आता बाई रडतील नाहीतर ओरडतील. त्या कचऱ्याच्या ढिगाशी फतकल मारून बसल्या. शोधून शोधून एक मलूल रोप काढलं, चकती शाबूत असलेलं. समितीची गाडी फाटकात शिरत होती आणि या एकेका मुलीच्या गळ्यात भिंगाचा दोरा घालत होत्या. ‘पाहा तर, तुमी काय उपटलं ते.’ मी हात जोडले, अहो उठा, साडी झटका. पण सगळ्या मुलींचं पाहून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

समितीच्या अध्यक्षांनी तिथंच, मुलींच्या घोळक्यात उभं राहून भिंगातून पाहिलं, अगदी मन लावून पाहिलं. मग म्हणाले, ‘सुंदर. याचा उपयोग काय?’

मी मागून खोकलो. दोनदा खोकलो.

‘ह्याचे परदेशातले भाऊबंद तापावर औषध म्हणून देतात असं पुस्तकात हाये, साहेब. पण ह्याचा उपयोग करताना मी कोणाले पाह्यलं नाही. मी नाही सांगू शकत.’

‘मग मुलांना हे कशाला शिकवायचं?’

‘पाहाले शिकते ना मानूस.’

साहेबांनी हसून मान हलवली, चहा घेतला, गाडी गेली. पुढं विषय बंद झाल्याचं पत्र आलं. मी त्यांच्यावर भडकलो. एक वाक्य, बाई! तेही धड खोटं नव्हतं! त्या म्हणाल्या, ‘सर, भिंग हातात घेऊन कसं बोलू?’ आता या माणसाशी काय भांडायचं? सासूबाईंना गाडीत आडवं घालून त्या निघून गेल्या. मला इतकं वाईट वाटलं की निरोपालाही मी त्यांच्याशी तुटकच बोललो.

जूनमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या टेबलावर मीच होतो. ती लाखनीकडची मुलगी आली.

‘सर, बॉटनी पायजे.’

‘बंद झाली.’

‘बंद? मॅडम तर हायेत ना?’

‘त्याही गेल्या.’

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. ‘त्या दिवशी मॅडमनं दाखवलं ना, तवाच घरी सांगून ठेवलं होतं मी. आमी चौघी येनार होतो.’

चौघी! माझं डोकंच फिरलं. त्या गरीब पोरीवर मी सगळ्या लोकांसमोर ओरडलो, ‘अगं, मग ते समितीवाले तिथंच उभे होते, तेव्हा तोंड का नाही उघडलं?’

ती दचकली नाही. शांतपणे म्हणाली,

‘आमाले कोनी इचारलंच नाही, सर.’