दोरीचं दुसरं टोक

आमच्या ह्यांना वेड लागलंय असं सगळ्या गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी नळावर गेले की बायका कुजबुजायच्या, "ऐयो, पापम्!" मला असा संताप यायचा! पापम् म्हणे. कीव करायला काय जातं तुमच्या बापाचं?

हे मद्रासच्या फायर सर्व्हिसमध्ये होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. जॉर्ज टाउनमध्ये मिरच्यांचं एक गोदाम पेटलं, त्या आगीला हे आणि ह्यांचा सोबती असे दोघे गेले. सोबती परत आला नाही. हे आले, पण येऊन न आल्यासारखेच. ह्यांचे कपडे धुतले तर दोन दिवस माझे हात भगभगत होते.

त्यानंतर हे स्वयंपाकघरात पाय ठेवीनात. चूल पेटली की उठून बाहेर तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या कट्ट्यावर, जाऊन बसायचे. जेवण नाही, झोप नाही, बोलणं तर नाहीच. मी विचारून विचारून थकले. भिंतीशी बोलले असते तर निदान माझाच आवाज परत आला असता. त्या दुखण्याला आता नाव आहे म्हणे, डॉक्टरही आहेत. तेव्हा आमच्याकडे दोनच नावं होती, दृष्ट आणि वेड.

सासूबाईंनी दृष्ट धरली. तंजावरची बाई ती, लेकरू शिंकलं तरी मीठ-मोहऱ्या घेऊन उभी. मी मागच्या अंगणात विहिरीवर पाणी शेंदत होते, उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. त्यांनी ह्यांना पाटावर बसवलं, मीठ, मोहऱ्या आणि मूठभर सुक्या मिरच्या ओवाळल्या, "आल्यागेल्याची, पाप्याची, वैऱ्याची" म्हणत साऱ्या निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्यांच्या गोदामातून आलेल्या माणसापुढे मिरच्या जाळल्या! पण खरं सांगू? आमच्या घरात कुणालाच ते खटकलं नसतं. दृष्टीच्या मिरच्या त्या दृष्टीच्या, बाजारातल्या थोड्याच असतात! उलट ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती म्हणायचं, म्हणून त्या वाकून ठसक्याची वाट बघत होत्या.

ठसका लागला. हे पालथे पडले, जमिनीला नाक लावून सरपटत आईपाशी गेले, तिचं मनगट धरलं आणि फरफटत तिला धुरातून बाहेर अंगणात आणलं. ती ओरडत होती, "अरे मी आहे, तुझी आई!" ह्यांना ऐकूच येत नव्हतं. मी घागर टाकून धावले. सासूबाईंचं मनगट मोडलं होतं.

संध्याकाळी थोरले दीर आले. ते मद्रासजवळ आवडी गावी कारखान्यात होते, तिथंच क्वार्टरमध्ये राहायचे. आईचा हात बघून ते खांबाला टेकून रडले, मग डोळे पुसून मला म्हणाले, "आज हात मोडला, उद्या गळा धरील. रविवारी टॅक्सी घेऊन येतो. वेड्यांच्या इस्पितळात ठेवू या." मी त्यांच्या पाया पडले. नका हो नेऊ, म्हटलं. तिथं गेलेलं माणूस परत येत नाही, असंच आम्ही ऐकत आलो होतो. ते म्हणाले, "मला का हौस आहे?"

ते गेल्यावर मी ह्यांच्यापुढे जाऊन बसले आणि बोलले, जे तोंडाला येईल ते. "रविवारी तुम्हाला नेणार आहेत. ऐकू येतंय का? मी काय करू, विहीर जवळ करू?"

विहीर म्हटल्यावर ह्यांनी मान वर केली. हलक्या आवाजात म्हणाले, "आत जाणाऱ्याच्या कमरेला दोरी असते. मी दारात होतो. बाहेरच्याने एकदा ओढायची, आतल्याने एकदा ओढून उत्तर द्यायचं. मी ओढली. उत्तर नाही आलं. खेचली, तर जळकं टोक हातात आलं. मी आत जात होतो गं. मला धरून ठेवलं सगळ्यांनी."

मग म्हणाले, "तू आत गेलीस की मला काही कळत नाही."

मला दुसरं काय सुचणार? मी विहिरीची जुनी काथ्याची दोरी आणली, एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं ह्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवसापासून मी चुलीपाशी आणि हे तिण्णैवर. हे ओढायचे, मी ओढायची. भात वेळताना ओढायचे, कणीक मळताना ओढायचे. कंबर सोलून निघाली. कधी वाटायचं, फेकून द्यावी ती दोरी आणि आपणच कुठंतरी निघून जावं. शेजारीण दारातून म्हणाली, "आता हिलाही लागलं." मी तिच्या अंगावर गेले असते, पण दोरी तेवढी लांब नव्हती.

असा रविवार उजाडला. टॅक्सी दाराशी आली. दीर चपला काढून आत आले, माझ्याकडे बघवेना म्हणून आईपाशी जाऊन बसले. जन्माचा दावा असला तरी घरी आलेल्याला कॉफी द्यायचीच, आमची रीत. सुरूची लाकडं ओली होती, स्वयंपाकघर धुरानं भरलं. दूध उतू चाललं म्हणून मी दोन्ही हातांनी पातेलं उचललं, तेवढ्यात दोरीला हिसका बसला. हात मोकळे नव्हते. परत हिसका बसला. पातेलं ठेवीतो, डोळे पुशीतो वेळ गेला.

आणि हे आत आले. आडवे आलेल्या दिरांना ढकलून, त्या धुरात, पेटत्या चुलीपुढे. दोरी हातावर गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत पोचले, माझे दोन्ही दंड धरले.

"उत्तर का नाही दिलंस?" म्हणाले. "का नाही दिलंस गं उत्तर?"

"आहे हो," मी म्हटलं, "मी आहे. दूध उतू जात होतं."

तिथंच चुलीपुढे बसून हे रडायला लागले. त्या आगीनंतर पहिल्यांदा. मीही रडले, धुराचं निमित्त होतंच. दीर दारात उभे होते, पुढे यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

सासूबाई मोडका हात पोटाशी धरून उठल्या. थोरल्याला म्हणाल्या, "कॉफी पी आणि जा तू. पुढच्या रविवारी नुसता कॉफीला ये."