होल्डवरचे आठ खंड

अण्णा शिंदे सोमवारी सकाळी सव्वासात वाजता जे. पी. नगरमधल्या राहत्या घरी वारले. आठ वाजता त्यांना रुग्णालयात दाखल व्हायचं होतं. टॅक्सी फाटकाशी उभी होती. बायपास खरं तर आधीच्या बुधवारी ठरली होती. ती पुढे गेली एका पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक त्यांच्या हातात मी दिलं होतं.

त्यांच्या वरच्या मजल्यावर मी सतरा वर्षं भाडेकरू आहे. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरात. घरात मराठी बोलायचे, त्यात कानडीतले ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे ठीक, न मोजता यायचे. यशवंतपूरच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. यंत्राचा जो सुटा भाग मापात बसत नसे, त्याला तांबडं कार्ड बांधायचं आणि त्यावर ‘होल्ड’ लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना उरलेल्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला.

ती कार्डं पुस्तकांना लागली. नऊ खंडांची एक इंग्रजी मालिका होती. जादूटोणा, बुडालेली राज्यं, हजार वर्षांचं वैर. आठ खंड निघाले होते. खंड वाचून झाला की अण्णा त्याला कार्ड बांधत आणि न सुटलेला प्रश्न त्यावर मराठीत लिहीत. ‘उत्तरेचा दरवाजा आतून कुणी उघडला?’ ‘धाकटी राणी मेली की पळाली?’ त्यांच्या पत्नी, शारदाक्का, पाहुण्यांना ते कपाट दाखवायच्या. “कारखाना सुटला, आता राजांची झडती घेतात.”

आठव्या खंडानंतर लेखक अकरा वर्षं गप्प होता. अण्णा त्याचे नवे फोटो शोधून मला दाखवत. “गळा बघ कसा सुजलाय. हा जिने चढत नसणार. याला कुणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं.” त्याच काळात ते स्वतः फाटकापासून दारापर्यंत येताना एकदा थांबू लागले होते. विचारलं तर म्हणत, चप्पल सैल झालीय.

तपासणीत दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या. डॉक्टरांनी आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया करायला सांगितलं. त्याच आठवड्यात, सोमवारी, नववा खंड आला. दोघं रक्ततपासणीला गेले होते, म्हणून पार्सल मी घेतलं. शारदाक्कांचा फोन आला: वरच ठेव, ऑपरेशन झाल्यावर दे, नाहीतर हे खुर्चीतून उठायचे नाहीत. मी हो म्हणालो.

मंगळवारी सकाळी अण्णा वर आले. बावीस पायऱ्या, तीनदा थांबले. मी वरून पाहत होतो.

“आलंय ना?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, अण्णा, आठ दिवसांनी वाचा.

“टेबलावरून उठलो तर वाचीन. नाही उठलो तर?” ते भिंतीला टेकले. “होल्डवरचा माल आम्ही दुसऱ्या पाळीवर सोडत नव्हतो. तूच सांग, हे कुणावर सोडू?”

मी पुस्तक दिलं. माझ्याच खोलीतून त्यांनी रुग्णालयाला फोन करून सोमवार मागून घेतला. घरी सांगितलं, खाट रिकामी नाही.

पुढचे पाच दिवस ते ‘पेपर वाचायला’ म्हणून दहाला वर येत आणि जेवायच्या वेळी उतरत. माझी पाळी संध्याकाळची असल्याने मी घरीच असे. ते खिडकीशी बसत, डावा हात मांडीवर पालथा ठेवून. शुक्रवारी पायऱ्यांवर पाचदा थांबले. ओठांचा रंग मला दिसत होता. शनिवारी मी एकदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

रविवारी आठही कार्डं ते शर्टाच्या खिशातून घेऊन आले. सव्वाबाराला शेवटचं पान झालं. ते पान त्यांनी पुन्हा वाचलं. मग एकेका कार्डावरचा ‘होल्ड’ खोडून खाली ‘पास’ लिहिलं आणि सही केली. एका कार्डापाशी अडले, सहाशे पानं मागे जाऊन एक ओळ शोधली, मान हलवली, सही केली.

“सगळं मापात बसलं रे,” ते म्हणाले. “गृहस्थ एक खिळासुद्धा विसरला नाही. आता त्याला काही झालं तरी सरी.” मग त्यांनी कॉफी मागितली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. कॉफी संपेपर्यंत ते मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते आणि हसत होते.

तेराव्यानंतर मी खाली गेलो आणि शारदाक्कांना सांगितलं की पुस्तक मी दिलं होतं.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “रविवारी संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. मग दोन तास गोष्ट सांगत बसले. मला निम्मी कळली नाही. चाळीस वर्षांत एवढं बोलले नव्हते.”

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग आतूनच म्हणाल्या, जेवून जा.

मी जेवलो. दीड वाजता वर आलो.