अडतीसचं वळण

शाळेत आपल्याला पाय म्हणजे बावीस छेद सात असं सांगून वाटेला लावतात. खरा पाय दशांश चिन्हानंतर सुरू होतो आणि संपतच नाही. माझ्या ताईला त्यातले शंभर आकडे पाठ होते, मला चाळीस. ती मुरबाडला गणिताची बाई होती आणि मी शहापुरात लाऊडस्पीकर भाड्याने देतो. स्पीकरबरोबर माईक हातात घेतलेला मी फुकट मिळतो, त्यामुळे चाळीस आकडेसुद्धा मी चारशे असल्याच्या थाटात म्हणत आलो.

ताईची रीत सोपी होती. आकड्यांच्या जोड्या पाडायच्या आणि प्रत्येक जोडीला आपलं माणूस नाहीतर आपली वस्तू चिकटवायची. चौदा, पंधरा, ब्याण्णव, पासष्ट, पस्तीस, एकोणनव्वद हे सगळे तिचे विद्यार्थी, हजेरीच्या क्रमाने उभे. त्यांच्या पुढचे आकडे वाचताना मात्र ती एकदा ओरडलीच, "अरे, यात माझी माहेरची वाट हाय!"

खरंच होती. एकोणऐंशी हा आमच्या घराचा नंबर, ग्रामपंचायतीने चौकटीवर निळ्या रंगात रंगवलेला. तिथून निघायचं. बत्तीस म्हणजे किन्हवलीची मावशी, हसली की बत्तीसच्या बत्तीस दात मोजून घ्यावेत अशी. अडतीस म्हणजे सरळगावच्या वळणावरचा शिंपी. समोर पैलवान उभा राहो नाहीतर पाप्याचं पितर, त्याच्या वहीत छाती अडतीसच. तिथून वळलं की मुरबाड, म्हणजे सासर. शेहेचाळीस म्हणजे सासूने पहिल्याच दिवशी भाजायला लावलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. सव्वीस हे ताईचं लग्नातलं वय, ज्यावरून गावाने खूप तोंड वाजवलं होतं. आणि त्रेचाळीस हे लग्नातलं दाजींचं वजन, फेट्यासकट.

मग गंमत सुरू होते. त्रेचाळीसनंतर पायमध्ये पुन्हा अडतीस येतो, मग बत्तीस, मग एकोणऐंशी. शिंपी, मावशी, घर. ज्या वाटेने गेली त्याच वाटेने बाई माहेरी परत. आणि घराच्या दारात कोण उभं? पन्नास. पन्नास म्हणजे मी. दहावीला मला पन्नास टक्के पडले होते, एक कमी नाही, एक जास्त नाही. "अंगणात पाय टाकला की पयला तूच दिसतोस, दात काढून," ताई म्हणायची.

घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात आम्ही हा खेळ करायचो. मी एसटीचा कंडक्टर होऊन घंटी मारायचो, ती आकडे म्हणायची, आणि पन्नास आला की मी तिच्या पाया पडायचो. टाळ्या!

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या बारशाला मी अशीच घंटी मारली. ताई निघाली. एकोणऐंशी, बत्तीस, अडतीस, शेहेचाळीस, सव्वीस, त्रेचाळीस, अडतीस... आणि शेहेचाळीस.

लोक हसले. मीही माईकवर म्हणालो, "ओ बाई, सासर एवढं आवडलं का?" ती हसली आणि पुढे म्हणत राहिली. सव्वीस, त्रेचाळीस, अडतीस, शेहेचाळीस. दुसऱ्या फेरीलाही लोक हसले. तिसऱ्या फेरीला फक्त मी हसत होतो, कारण माईक माझ्या हातात होता. चौथ्या फेरीला दाजी उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल गो, पेढा खा."

कल्याणच्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूचा फोटो उजेडापुढे धरून समजावलं. गोळ्यांनी विसरण्याच्या आजाराची चाल थोडी मंदावेल, मागे काही फिरणार नाही. मी डॉक्टरांना विचारलं, पाठांतर करून घेतलं तर? ते म्हणाले, करा. डॉक्टर ज्या सुरात 'करा' म्हणतात, तो सूर मला तेव्हा कळला नाही.

मी दर गुरुवारी घंटी घेऊन मुरबाडला जाऊ लागलो. अडचण कुठे आहे ते मला बरोबर ठाऊक होतं. जाताना अडतीस, येताना अडतीस. शिंपी तोच, म्हणून ती प्रत्येक वेळी सासरकडेच वळायची. मग मी युक्ती काढली. येतानाचा शिंपी झोपलेला! मी शिलाई मशीनवर डोकं टेकल्यासारखं करून असं घोरून दाखवलं की शेजारची म्हैस दचकली. ताई पोट धरून हसली. "झोपलाय रं मेला," म्हणाली, आणि एका गुरुवारी खरोखर म्हणाली, "अडतीस झोपलाय... बत्तीस." मी दाजींना मिठी मारली. पुढच्या गुरुवारी तिला शिंपीच आठवेना.

शेवटी, खऱ्या रस्त्याने नेऊ म्हटलं. स्पीकरच्या व्हॅनमध्ये तिला शेजारी बसवलं आणि मुरबाडहून निघालो. सरळगावपर्यंत ती खिडकीतून बघत, गुणगुणत होती. वळणावर मी गाडी थांबवली. शिंप्याचं दुकान कधीच गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.

"ताय, अडतीस आला. आता कुठं?"

ती घाबरीघुबरी झाली. "गाडी फिरव. भाकऱ्या भाजायच्यात. म्हातारी वरडंल."

म्हातारी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मी म्हणालो, "भाकऱ्या झाल्या गो सगळ्या. आता मावशी, मग घर. दारात कोण उभा असंल, सांग बरं?"

"कोन?"

"पन्नास."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. जोड्या चुकवणाऱ्या पोराकडे बाई बघते तसं.

"पन्नासला लय टाइम हाय अजून," ती म्हणाली. "तू कोन रे? मंगापासून नुसता दात काढतोस."

मला खूप काही सुचायला हवं होतं. आयुष्यभर सुचत आलंय. मागच्या बाजूला चार स्पीकर आणि दोन माईक होते, तरी मला एवढंच म्हणता आलं, "ड्रायव्हर हाय, बाई."

"मंग गाडी फिरव ना."

मी गाडी फिरवली. वाटभर ती भाकऱ्या मोजत होती, बोटांवर, एकेक थापून.

दाजी दारातच होते, हाताला पीठ. भाकऱ्या आता तेच करतात. सदऱ्यात दोन दाजी मावतील असे झालेत, त्रेचाळीसच्याही खाली गेले असतील.

"आलात जाऊन?" त्यांनी विचारलं.

"सरळगावपर्यंत," मी म्हणालो.

ताई त्यांच्या हाताकडे बघून म्हणाली, "किती झाल्या?"

"होतायत गो," दाजी म्हणाले, आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेले. मी व्हॅनमध्ये बसूनच होतो. गुरुवारी मी अजूनही जातो. घंटी मात्र घरी ठेवून जातो.