चढावरची किणकिण

त्यांचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळे त्यांना कानसेनच म्हणायचे. जुन्या मोटारसायकलला साधं पेट्रोल घालायचं की महागडं, असा प्रश्न पडला की माणसं पंपाआधी त्यांच्याकडे येत. कानसेन हात पुसायचे, गिऱ्हाइकाच्या मागं बसायचे आणि म्हणायचे, "चला, चढावर."

पाण्याच्या टाकीकडे जाणारा तो चढ म्हणजे त्यांचा रंगमंच. वरच्या गिअरमध्ये मूठ पिळायला लावायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. पेट्रोल इंजिनाला मानवत नसेल तर आतून बारीक किणकिण येते, पेल्यात कुणी चमचा हलवावा तशी. ती आली तर महागडं, नाही आली तर साधं. चढ संपायच्या आत निकाल लागायचा आणि चाळीस वर्षांत त्यावर कुणी अपील केलं नव्हतं.

गावोगाव फिरून सुया टोचणारी, जखमा बांधणारी एक नर्स होती. वडिलांमागे त्यांची मोटारसायकल तीच चालवायची. तिच्या इंजिनाला मूळचा पिस्टन बाजारात मिळेना, म्हणून कानसेनांनी दुसऱ्या मॉडेलचा, जरा उंच माथ्याचा बसवला. असा पिस्टन पेट्रोलच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. म्हणून तिलाही त्यांनी चढावर नेलं. ती पुढे, ते मागं.

"काका," निम्म्या चढावर ती म्हणाली, "काहीतरी किणकिणतंय का?"

"चेनचं कव्हर आहे ते. तुझ्या बाबांच्या वेळेपासून बडबडं आहे."

"आतून आल्यासारखं वाटलं."

"पोरी, नाडी तू बघ. इंजिन मला बघू दे. साधंच घाल, खुशाल."

ती हसली. मोठ्या माणसाच्या शब्दापुढे आपल्या कानांचं काय, असं तिला वाटलं असावं.

कानसेनांना तेव्हा खरंच काही ऐकू आलं नव्हतं. इंजिनाची धडधड तेवढी भरभरून ऐकू येत होती, अगदी तरुणपणी यायची तशी. वर्षभरापासून बायको म्हणत होती, "अहो, खिशात पाखरू पाळलंय का? कधीचं ओरडतंय." मग ते फोन काढायचे आणि फोनलाच नावं ठेवायचे. हल्लीच्या वस्तू कुजबुजतात, म्हणायचे. बायकोनं दारावरची घंटा दोनदा बदलून पाहिली होती.

तीन आठवड्यांनी मोटारसायकल टेम्पोतून आली. सोबत नर्सचा भाऊ होता आणि ती स्वतः, उजवा हात प्लास्टरमध्ये. डोंगरातल्या वळणावर इंजिन एकदम जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि ती मनगटावर पडली.

"माझंच चुकलं असेल, काका," ती म्हणाली. "एकदा घाईत दुसऱ्याच पंपावर भरलं. त्यात भेसळ असणार."

कानसेनांनी इंजिनाचं हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं आणि कडा उंदरानं कुरतडावी तशी खाल्लेली होती. हे एका टाकीचं काम नव्हतं. पहिल्या चढापासून रोज, दर वळणाला, ते इंजिन ओरडत राहिलं होतं.

भेसळ. वाक्य तयार होतं, समोरचीनंच तोंडात घातलेलं. नुसतं म्हणायचं बाकी होतं. भाऊ मान डोलावून उभाच होता.

"भेसळ नाही," कानसेन म्हणाले. "किणकिण होती. पहिल्या दिवसापासून."

"मग तुम्ही…"

"मला नाही आली ऐकू."

"कानसेनांना?" भाऊ हसला. गंमत चालली आहे, असं त्याला वाटलं. मग बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं हसू आवरलं.

"मला आली होती," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं पण होतं."

तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. आवाजात राग नव्हता. बोटं मात्र प्लास्टरमधून बाहेर डोकावत होती, सुजलेली, सुई धरता न येणारी. कानसेनांनी त्या बोटांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"नवा पिस्टन बसवून देतो," ते म्हणाले.

"आणि पेट्रोल कोणतं घालू?"

"महागडं घाल."

"नक्की ना, काका?"

हा शब्द त्या गॅरेजात आजवर कुणी उच्चारला नव्हता. 'चला, चढावर' म्हणायला कानसेनांनी तोंड उघडलं, तसंच मिटलं. चढावर जाऊन ते काय करणार होते? बाकड्यावर बसून त्यांनी पान्हे एकेक करून फडक्यात गुंडाळले. हात तेवढे अजून शहाणे होते.

"तुम्ही असं करा," शेवटी ते भावाला म्हणाले, "चौकापलीकडे नवं गॅरेज आहे ना, तिथं न्या."

"तो पोरगा? त्याला मिसरूड नीट फुटलेलं नाही. त्याला काय येतं?"

"त्याला ऐकू येतं," कानसेन म्हणाले, आणि मोटारसायकल परत टेम्पोत चढवायला त्यांनी मागून हात लावला.