कापसाच्या गावात गादी

सर्व गृहस्थांस, त्यांच्या कुटुंबांस आणि विशेषतः ज्यांना पाठ आहे अशा प्रत्येकास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्या काळात अमेरिकेतल्या लढाईपायी उभ्या विलायतेला वऱ्हाडच्या कापसावाचून चैन पडत नव्हती, त्या काळात खुद्द अमरावतीत प्रस्तुत लेखक सहकुटुंब उघड्या जमिनीवर झोपत होता. हसू नये. मी हसतो आहे, पण आज माझ्याखाली गादी आहे.

मला अमरावतीच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा आम्ही पुण्यात होतो. त्या वेळी नोकरीच्या गावी बायको न्यायची रीत नव्हती. बायको सासूजवळ, नवरा परगावी आणि भेट सणावारी. पण आमच्या कुटुंबाने ताक वाढता वाढता माझ्या कानाशी सांगितलं, "मी येणार." एवढंच. ताकाचं भांडं मात्र माझ्या डोक्यावर असं धरलं होतं की नाही म्हणायची सोय नव्हती.

माझी आई चार दिवस बोलली नाही, मग बोलली. खरी अडचण सासऱ्यांची होती. सासरे म्हणजे भारदस्त प्रकरण. ते नुसते शिंकले तरी समोरचा माणूस उठून उभा राहायचा. स्वतः त्यांनी जन्मभर परगावी नोकरी केली, पण सासूबाईंना तिथलं बिऱ्हाड कधी दाखवलं नव्हतं. त्यांनी निकाल दिला, "जा. पण अक्षय्यतृतीयेला मी स्वतः येऊन बघेन. बिऱ्हाड धड लागलेलं नसेल तर मुलीला परत घेऊन येईन. माझी मुलगी धर्मशाळेत राहायला दिलेली नाही."

मग बांधाबांध सुरू झाली. मी गाद्या गुंडाळत होतो, तेवढ्यात सासरे आले आणि असे हसले की मी आयुष्यात त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही. "जावईबापू, वऱ्हाडात निघालात ना? तिथे कापूस पायाखाली तुडवतात. इथून गाद्या नेणार? लोक काय म्हणतील!" आम्हाला ते पटलं. आम्ही गाद्या, उशा, लोड सगळं नातेवाइकांत वाटून टाकलं आणि पाटा-वरवंटा तेवढा बरोबर घेतला.

आगगाडी संपली तिथून पुढे बैलगाडी. अकोल्याला मुक्कामाला धर्मशाळेत गेलो, तर आत कापसाचे बोरे झोपलेले आणि माणसं बाहेर झाडाखाली. मी रखवालदाराला उशाला काहीतरी मागितलं. त्याने मोठ्या अदबीने वीट आणून दिली. मला वाटलं, विनोदी माणूस आहे.

अमरावतीत घर मिळालं ते असं: पुढे ओसरी, मग एक खोली, मग माजघर आणि स्वयंपाकघर. पैकी ओसरीनंतरच्या खोलीत घरमालक शेटजींचा कापूस छतापर्यंत. "गाड्या मोकळ्या झाल्या का नेतो," शेटजी म्हणाले. गाड्या मोकळ्या होत नव्हत्या, कारण त्या सगळ्या कापूसच ओढत होत्या. शेटजी रोज सकाळी येत, गाभण म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या ढिगावरून हात फिरवत आणि जाताना मला बजावत, "टेकू नका हो साहेब. दबते." आणि आम्ही भिंतीपलीकडे सतरंजीवर! रात्रभर कूस बदलावी आणि पलीकडे तो पांढरा डोंगर मऊमऊ पडलेला आहे हे मनात घोळत राहावं.

गादी विकत घ्यायला मी बाजार पालथा घातला. लोक माझ्याकडे असे पाहत की जणू मी हत्ती मागतोय. शेवटी शेजारीण आली. वलगावकडच्या शेतकरी घरातली, पन्नाशीची, आवाज वेशीपर्यंत जाईल असा. कुटुंब तिला मावशी म्हणे.

"अवं माय! गादी पायजे तुले?" ती हसत सुटली.

"त्यात हसण्यासारखं काय आहे मावशी?"

"आमची गादी तं कवाच विलायतले गेली पोरी. तिचं आता कोन्या गोऱ्याचं धोतर झालं असन! भाव असा चढला का सगळ्या गावानं गाद्या फोडून कापूस इकला. उशी तं आमच्या घरधन्यानं मायी झोपेतच डोक्याखालून काढली. मी सकाळी उठली, तं मान अशी!" तिने मान वाकडी करून दाखवली. सरळ व्हायला तिला जरा वेळच लागला.

गावभर गाद्यांच्या नुसत्या खोळी उरल्या होत्या. दोरीवर वाळत घातलेल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या खोळी पाहिल्या की वाटायचं, गादीच्या कातड्याच आहेत या.

एरवी आमचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे काय, कुटुंबाचं तर फारच बरं चाललं होतं. तिने चूल स्वतःच्या मनाप्रमाणे घालून घेतली. कुंभाराकडून मडकी आणून उतरंड रचली. मिठाचं मडकं ती आज या कोनाड्यात ठेवी, उद्या त्या. मी एकदा विचारलं, "सारखं हलवतेस कशाला?" ती म्हणाली, "कशाला म्हणून कोणी विचारत नाही, म्हणून." आणि लगेच, "तुम्हीसुद्धा विचारू नका." पुण्याच्या घरी मीठ कुठे असावं हे तिच्या आजेसासूच्याही आधी ठरलं होतं. मी मुकाट्याने बाहेर आलो. ही बाई आता परत गेली तर काय होईल, हे मला त्या मिठाच्या मडक्याने सांगितलं.

चैत्रात पुण्याहून आलेल्या एका गृहस्थाने निरोप आणला: सासरे निघताहेत. कुटुंब सतरंजीकडे बघत बसली. दादा आले की पहिल्यांदा बसणार कुठे? आणि बसल्याबरोबर म्हणणार काय?

मावशीला हे कळताच तिने कमरेवर हात ठेवले. "अवं, मंग सावर हाय न! शेताच्या बांधावर मोठी काटेसावर हाय आमच्या. बोंडं उकलून राहिली. तिच्या कापसाले कोनी इचारत नाही, ना विलायत, ना तुया शेटजी."

दुसऱ्याच दिवशी ती सावरीची बोंडं पोतं भरून घेऊन आली, आणि स्वतःच्या गादीची खोळही. सावरीचा कापूस म्हणजे कापूस नव्हेच, रेशमी वारा तो. मावशीने बरोबर पिंजारीचाचांनाही आणलं. पांढरी दाढी, खांद्यावर कापूस पिंजायची ती भलीमोठी धनुकली. गावातला सगळा कापूस परस्पर बाहेर जात असल्यामुळे चाचांच्या धनुकलीला बरेच महिने काम नव्हतं.

चाचांनी ओसरीवर बसून सावर चिमटीत धरली. "बेटी, हिले धनुकली चालत नाही, उडून जाते. हातानंच मोकळी करा लागते."

"मंग धनुकली कायले आणली चाचा?" मावशी म्हणाली.

"आदत." त्यांनी धनुकलीची तांत बोटाने जराशी छेडली. ती घुमली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्यांच्याकडे. सावर उडते हे चाचांना ठाऊक होतं, मावशीला ठाऊक होतं, त्यांनी सांगितल्यावर आम्हालाही ठाऊक झालं होतं.

"एकच हात मारतो," चाचा हळूच म्हणाले. "बस, एक."

त्यांचा चेहरा पाहून कोणाच्याही तोंडून नाही निघेना. मावशी म्हणाली, "मारा नं बापा!"

चाचांनी हात मारला. तो एक कसला असतो! तांत गाऊ लागली, चाचा डोळे मिटून डुलू लागले आणि सावर उठली. ओसरी पांढरी झाली, अंगण पांढरं झालं, वारा आला आणि गल्ली पांढरी झाली. शेजारपाजारचे लोक "कापूस! कापूस!" करत पदर आणि पागोटी पसरून धावत सुटले. शेटजी नेमके आपल्या ढिगाला भेटायला आले होते. "माया मालात मिसळून राहिलं हो! सगळा माल नासला!" असं ओरडत ते आतल्या खोलीत गेले आणि दोन्ही हात पसरून कापसाला मिठी मारून उभे राहिले. टेकू नका म्हणून आम्हाला सांगणारा मनुष्य स्वतः गळ्यापर्यंत आत रुतला होता.

त्या पांढऱ्या धुक्यातून एक बैलगाडी येऊन दारात थांबली. सासरे उतरले. पागोट्यावर सावर, मिशीवर सावर. त्यांनी ओसरीवर पाऊल टाकलं, शेटजींच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी नमस्कारासाठी वाकणार, तेवढ्यात आतून आवाज आला:

"दादा, दार लावा आधी! लावा म्हणते ना! शेटजींचा माल खराब होतोय, दिसत नाही?"

माझं कुटुंब. जिने वडिलांसमोर कधी मान वर केली नव्हती ती. पदर खोचलेला, केसांत सावर, हातात सूप. सासऱ्यांनी दार लावलं. दोन्ही हातांनी लावलं, आणि वारा ढकलत होता म्हणून पाठीने रेटून धरलं. कुटुंबाने शेटजींना बाहेर काढलं, चाचांची धनुकली खाली ठेवायला लावली, मावशीला आणि मला कामाला लावलं. उरलेली सावर खोळीत गेली. गादी झाली. जरा रोडकी, पण गादी.

सासऱ्यांचं सामान उतरवताना पाहिलं, तर वळकटी नाही. त्यांनी खाकरून सांगितलं, "कापसाच्या गावी येताना अंथरूण कोण आणतं?" मी खाली बघितलं. हसणं फार कठीण प्रसंगी येतं.

मग ते चार दिवस त्या गादीवर झोपले. पाठ धरली असं एकदाही म्हणाले नाहीत. मावशी रोज शिधा आणि वांगी आणून देई, आणि त्यांना ओरडून विचारी, "काहो दादा, पोरगी नेऊन राहिले का काय?" ते नुसते बघत बसत. मुलगी चुलीपुढे कशी बसते, दारावर आलेल्याशी कशी बोलते, मीठ या कोनाड्यातून काढून त्या कोनाड्यात कशी ठेवते. कुटुंब त्यांना दुसऱ्यांदा भात वाढताना माझ्याकडे बघे.

निघायच्या सकाळी गाडी दाराशी आली. गाडीवानाने विचारलं, "बाईचं गठुडं कुठं ठेवाचं?" गठुडं नव्हतंच. तिने बांधलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहिली, चौकट धरून. मावशी आपल्या दारात, मी दोघींच्या मध्ये. सासऱ्यांनी पागोटं सारखं केलं, गाडीच्या चाकावर हात ठेवला. आम्हाला वाटलं, आता निकाल येणार. पण तो भारदस्त माणूस एकदम पोरासारखा गोरामोरा झाला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"अगं, पण तू इथे सुखात आहेस हे तुझ्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगू?"